वीस पुऱ्या आणि एक नको

आई, तो भाग सापडला.

तुझ्या शाळेतल्या जुन्या पोरांनी मोबाईलवर एक ग्रुप केलाय. बाईंची मुलगी म्हणून मलाही त्यात ओढलंय. रोज सकाळी तिथं फुलं, सुविचार आणि कुणाच्या तरी पुतण्याच्या वाढदिवसाचे केक येतात, त्यामुळं मी तो उघडायचं सोडूनच दिलं होतं. गेल्या आठवड्यात एका दुपारी लॅबमधून जेवायला घरी आले आणि सहज बोट लागलं. कुणीतरी लिहिलं होतं, 'आपल्या बाईंनी लिहिलेला एपिसोड! आठवतोय का?' आणि खाली ओळीनं हसणारी तोंडं. कुणाच्या तरी घरच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेला दिसतोय. चित्र मधेच थरथरतं, मधेच आडवे पट्टे जातात, पण आवाज चांगला आहे. सुरुवातीच्या पाट्यांत 'कथा' असं येतं आणि खाली तुझं नाव. पापणी लवेपर्यंत गेलंसुद्धा. मी ते तिथं थांबवून धरलं आणि तुझी इतकी आठवण आली की ताटावर बसल्याबसल्या रडले. उमरग्यात स्वतःची लॅब चालवणारी, केस पांढरे झालेली बाई आमटीत डोळ्याचं पाणी पाडत बसली होती. समोर नाना जेवत होते. तू गेल्यापासून ते लेकीकडंच, माझ्याकडंच असतात. म्हणाले, "काय गं, तिखट झालंय व्हय?" मी म्हटलं, "हो, तिखट झालंय."

मग मी ट्रंकेतून तू लिहिलेल्या त्या भागाची प्रत काढली. ती कुठं असते हे घरात सगळ्यांना कायमच माहीत होतं. स्वेटरांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत. फुलस्केप कागद, त्यावर कार्बनची निळी अक्षरं, तुझं फळ्यावरचं गोल वळण. वरची प्रत तू मुंबईला रजिस्टर पोस्टानं पाठवलीस आणि खालची आपल्याकडं राहिली. आता दुपारी जेवण झालं की मी मांडीवर तुझे कागद आणि हातात मोबाईल घेऊन बसते. एक ओळ तुझी वाचते, एक ओळ त्यांची ऐकते. थांबवते, मागं नेते, पुन्हा ऐकते. तू आमचे पेपर तपासायचीस तशी, ओळीवर बोट ठेवून. मला एवढंच बघायचं होतं की त्यात तुझं काही राहिलंय का. कारण तू शेवटपर्यंत म्हणायचीस, "माझं काहीच ठेवलं नाही गं त्यांनी. नाव तेवढं ठेवलं." आणि ते म्हणताना तू नानांकडं बघायची नाहीस.

किती गाजलेली मालिका होती ती! बुधवारी संध्याकाळी ती लागली की आपल्या गावात, बेंबळीत, रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही. मुंबईतलं एक फ्लॅटमधलं कुटुंब, बँकेत जाणारा नवरा, टापटिपीची बायको, एक चुणचुणीत पोरगी, आणि दर आठवड्याला काहीतरी घोळ. एकदा त्यांनी जाहीर केलं की प्रेक्षकांनीही भाग लिहून पाठवावेत, आवडला तर करू. तू शाळेच्या गॅदरिंगला नाटुकल्या लिहायचीस, सगळं गाव हसून हसून लोळायचं. पण मुंबईला पाठवायचं म्हटल्यावर तुझ्याकडं विषय नव्हता. विषय नानांनी आणून दिला, तोही मुंबईहूनच.

वायरमनच्या कसल्याशा ट्रेनिंगला नाना मुंबईला गेले होते, तुझ्या मावसभावाकडं उतरले होते. परत आले ते सकाळच्या एस्टीनं. तू भाकरी टाकत होतीस, मी चुलीपाशी दप्तर भरत बसलेली. नाना हातपाय धुऊन बसले आणि जे जेवायला लागले, ते तुझा तवा रिकामा राहीना. तू भाकरी थापायची थांबलीस. "अहो, तिकडं जेवला नाहीत का काय?" नाना घास गिळून म्हणाले, "न्हाय की." "दोन दिवस?" "दोन दिस." "का? भांडण केलं का वहिनीशी?" तर नाना म्हणतात कसे, "छ्या! बाई लई चांगली हाय. पर एकदाच इचारती."

आई, तू इतकी हसलीस की तव्यावरची भाकरी करपली. मला आधी कळलंच नाही. मग तू नानांकडून सगळं काढून घेतलंस आणि डोळे पुसत पुसत मला सांगितलंस. वहिनीनं दारातच विचारलं, चहा घेणार का. नाना म्हणाले, नको वहिनी, आत्ताच झाला. आपल्याकडं ह्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. पुन्हा विचारायचं, मग पाहुणा म्हणणार कशाला त्रास, मग तुम्ही म्हणायचं त्रास कसला, आणि कप हातात द्यायचा. वहिनी म्हणाली, "बरं." आणि आत निघून गेली. जेवायच्या वेळीही तेच. नाना नको म्हणाले, ती बरं म्हणाली, आणि नाना पुढच्या आग्रहाची वाट बघत खुर्चीवर बसून राहिले. दोन दिवस केळी आणि शेंगदाण्यावर काढले बिचाऱ्यांनी. कुणाला वाईट म्हणायची सोयच नव्हती. ती बाई खरंच चांगली होती, तिला वाटलं ह्यांचं पोट भरलंय.

त्याच आठवड्यात तू लिहायला बसलीस. पिठाच्या डब्यावर पाट आडवा टाकून, कागदाखाली कार्बन घालून. तुझ्या बोटांची निळाई भाकऱ्यांना लागायची आणि नाना म्हणायचे, "मास्तरीनबाई, आज अक्षरं बी वाढायलीस का?" एक दिवस तू नानांना पाटावर बसवलंस, पुढं रिकामं ताट ठेवलंस आणि हातात पातेलं घेतलंस. "मी वाढते, तुम्ही नको म्हणा." नाना म्हणाले, "आत्ता तर जेवलो की." "लिहायला पाहिजे हो. म्हणा." नानांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "नको, नको." तू वाकून बघितलंस आणि ओरडलीस, "हे काय!" नाना दचकले. तू त्यांचं मनगट तिथंच धरून ठेवलंस. हात ताटावर आडवा होता खरा, पण बोटं फाकलेली होती. चांगली पुरी खाली जाईल एवढी फट. नानांनी स्वतः कधी ते बघितलंच नव्हतं. "परत करा," तू म्हणालीस. त्यांनी परत केलं, परत तसंच झालं. नाना लाजले, मी टाळ्या पिटल्या. ती दुपार मला इतकी हवीहवीशी वाटते आई, की कधीकधी लॅबमध्ये कुणाच्या हातातून रक्त काढताना मला फाकलेली बोटं दिसली तर मी उगाच हसते आणि पेशंट घाबरतो.

तुझ्या कागदावर ते कंसात आहे. '(नको म्हणतो. हात ताटावर आडवा. बोटं फाकलेली. नजर पातेल्यावर.)' खाली दोन रेघा ओढल्यात आणि समासात लिहिलंय, 'हे नीट करावे, ही विनंती.'

नानांचं ते नको कुठून आलं होतं हे तुला माहीत होतं, मला पुढं तू सांगितलंस. आजोबा मोठ्या लोकांच्या मळ्यात राबायचे. बौद्ध झाल्यावर त्यांनी घरात दोन गोष्टी पक्क्या केल्या, पोरानं शाळेत जायचं आणि कुणाच्या दारात हात पसरायचा नाही. कुणी प्रेमानं ताट पुढं केलं तरी आधी नाही म्हणायचं, म्हणजे ही माणसं खायलाच आलीत असं कुणाच्या मनात यायला नको. नाना ते इतकं शिकले की सासरी, म्हणजे तुझ्या माहेरीही, पहिला चहा नाकारायचे. तू म्हणायचीस, ह्यांच्या नकोत आमच्या सासऱ्यांची मान ताठ उभी आहे. म्हणूनच तू तो भाग लिहिलास. विनोदी होता, पण त्यात नानांची चेष्टा नव्हती. हसायचं होतं ते त्या एका 'बरं'ला.

पत्र आलं की तुझा भाग निवडलाय, तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. तो भाग लागायचा होता त्या बुधवारी आपल्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजार, विहारातल्या बाया, तुझ्या शाळेतल्या बाई, पोरंसोरं तर खिडकीत चढलेली. तू नवं पातळ नेसलेलीस, सगळ्यांना चहा करून ठेवलेला. आणि नाना निघाले बाहेर. तू म्हणालीस, "अहो, आज तरी बसा!" नाना म्हणाले, "सगळ्या गावानं एकदम टीव्ही लावल्यावर फ्यूज उडतंय, म्हाईत न्हाय का? म्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपाशी बसतो. आज लाईट जाऊ देत न्हाय." आणि खरंच, त्या दिवशी बेंबळीत एकदाही लाईट गेली नाही. गेली असती तर किती बरं झालं असतं.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघितलं ना, तर मला अजून राग येतो. तुझा पाहुणा दारात चपला काढतो, स्वतःच्या टॉवेलनं पाय पुसतो आणि मग आत येतो. त्यांचा पाहुणा बगलेत कोंबडा घेऊन येतो. तुझा पाहुणा उस्मानाबादहून आलाय, तसं तू दोनदा लिहिलंयस. आता सगळे धाराशिव म्हणतात, पण त्यांच्याकडं दोन्ही नाहीत, नुसतं 'गावाकडून' आहे. आणि बोलतो काय! थोडं साताऱ्याचं, थोडं नागपूरचं, थोडं कुठलंच नाही. तुझा म्हणतो, 'नको वहिनी, आत्ताच झालं.' त्यांचा मांडी घालून बसतो आणि ओरडतो, 'वाढा वैनी, म्या लाजनारा न्हाय!' अगं, तो लाजणारा होता हाच तर सगळा भाग होता! तुझा पाहुणा दुसऱ्या दिवशी चिवड्याच्या डब्याचं झाकण उघडतो, वास घेतो, पुन्हा लावून ठेवतो. त्यांचा डबा रिकामा करून ढेकर देतो. आणि ती पोरगी! तुझ्या कागदावर तिला किती सुंदर वाक्य आहे. ती म्हणते, 'आई, काका नको म्हणतात ना, तेव्हा तुझ्याकडं बघत नाहीत, पातेल्याकडं बघतात.' तिथून सगळं उलगडतं. शेवटी पाहुणा निघताना वहिनी दारात तीनदा विचारते, तो तीनदा नको म्हणतो, आणि ती काही न बोलता त्याला पाटावर बसवून वाढायला लागते. मालिकेत त्या पोरीला पुऱ्या मोजायला बसवलंय. "अठरा... एकोणीस... वीस!" आणि मागून हशाची टेप.

त्या संध्याकाळीही सगळे तसेच हसले. तू कोंबडा आला तेव्हा सरळ बसलीस. पुऱ्या सुरू झाल्या तशी उठलीस, रिकामे कप गोळा केलेस आणि आत गेलीस ती बाहेर आलीच नाहीस. कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरीनं वीस म्हटल्यावर खिडकीतल्या एका पोरानं विचारलं, "बाई, हे वायरमनकाका हायेत का? काकाच मुंबईला गेलते की!" झालं. नाना डीपीवरून आले ते खुशीत. घराघरातून हसण्याचे आवाज ऐकत आले होते ना. "मास्तरीनबाई, गाव खदाखदा हसायलंय!" असं म्हणत आत आले आणि तुला मोरीपाशी बसलेली बघून दारातच थांबले. तू एवढंच म्हणालीस, "मी हे लिहिलं नाही हो." नाना म्हणाले, "न्हाय लिहिलंस तर न्हाय लिहिलंस. म्या इचारलं का?" तू कागद पुढं केलेस तर ते म्हणाले, "वाचून काय करू? तू म्हनतीस ना, मग झालं."

त्यांनी विश्वास ठेवला. पण गावानं कशाला ठेवावा? दुसऱ्या दिवसापासून नाना खांबावर चढले की खालून पोरं ओरडायची, "वीस पुऱ्या! काका, खांब वाकंल!" नाना वरून हसायचे. लग्नात वाढपी पातेलं घेऊन त्यांच्यासमोरच उभा राहायचा, "ह्यांना वाढा रे, वीसला कमी न्हाय चालनार!" सगळी पंगत हसायची. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा मला एकेकाच्या डोक्यात पळी घालावीशी वाटायची. ज्या माणसाला त्याच्या बापानं शिकवलं की आपण खायला आलोय असं कुणाला वाटता कामा नये, त्याच्या ताटाकडं आता सगळं गाव बघत होतं. नाना मग लग्नाला घरून जेवून जायला लागले. तिथं अर्धी पुरी ताटात ठेवून बसायचे. कुणी वाढायला आलं की हात आडवा धरायचे, आणि तो हात मी बघितलाय आई. बोटं मिटलेली असायची. घट्ट, एकाला एक लावून.

तूही बदललीस. गॅदरिंगची नाटुकली दुसऱ्या बाईंना देऊन टाकलीस. आपल्या घरात पुऱ्या तळणं बंद झालं, सणालाही. आणि एक दिवस, मी सातवी-आठवीत असेन, नाना भात नको म्हणाले आणि मी हट्टानं डाव पुढं केला, "घ्या की नाना, थोडा!" तर तू माझ्यावर केवढी कडाडलीस. "नको म्हणाले ना ते? ऐकू येत नाही का तुला?" माझा डाव तिथंच राहिला. मला तेव्हा अपमान वाटला. नकोला बरं म्हणू नये, एवढंच सांगायला जिनं सगळा भाग लिहिला, ती स्वतःच्या स्वयंपाकघरात नकोला बरं म्हणायला लागली होती. तुला वाटत होतं नवऱ्याची घरातली गोष्ट तू बाजारात नेऊन ठेवलीस. किती वर्षं तू ते घेऊन जगलीस, आणि तसंच घेऊन गेलीस.

म्हणून मी शोधत होते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा काही सापडलं नाही. दुसऱ्यांदा बघताना तर मी रागानं मधेच बंद केलं. काल शेवटचा प्रसंग लावला, तू जो कधी बघितलाच नाहीस. वीस पुऱ्या झाल्यात, नवरा कपाळाला हात लावून बसलाय, पोरगी दमलीय. वहिनी घाबरत घाबरत विचारते, "भावोजी, अजून एक?" आणि तो पाहुणा, सगळा भाग नुसता आरडाओरडा करणारा तो म्हातारा नट, एकदम हळू आवाजात म्हणतो, "नको." हात ताटावर आडवा ठेवतो. आई, बोटं फाकलेली आहेत. मी थांबवलं, मागं नेलं, परत लावलं. फाकलेलीच आहेत, आणि नजर वहिनीकडं नाहीच, पातेल्यावर आहे. कॅमेऱ्यानं ते मुद्दाम दाखवलेलंसुद्धा नाही, ताट अर्धं बाहेर गेलंय. वहिनी म्हणते, "बरं," आणि पातेलं घेऊन आत जाते. त्याचा चेहरा क्षणभर तसाच राहतो, दोन दिवस खुर्चीवर वाट बघत बसलेल्या नानांचा असेल तसा. मग हशाची टेप येते आणि पाट्या सुरू होतात. त्या दिवशी आपल्या घरातली माणसं ह्याच वेळी उठून चपला शोधत होती.

म्हणजे तुझे कागद त्या नटाच्या हातात गेले होते आई! त्यांनी सगळं खोडलं असेल, कोंबडा घातला असेल, पुऱ्या घातल्या असतील, पण त्या एका माणसानं तुझा कंस वाचला होता. समासातली विनंतीही वाचली असेल. त्यानं कुणाला न विचारता ते करून टाकलं, नीट केलं. आणि तू त्या वेळी आत मोरीपाशी होतीस. मला तुला हाताला धरून उठवावंसं वाटतं, ओढत बाहेर आणावंसं वाटतं, हे बघ, हे बघ की गं, असं ओरडून सांगावंसं वाटतं. इतक्या वर्षांत तू गेल्याचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

नानांना दाखवू की नको हे मला ठरवता येईना. शेवटी आज रविवार होता, लॅबला सुट्टी, दोघंच घरात. मी आधी त्यांना तुझे कागद वाचून दाखवले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकले. डोळे मिटून ऐकत होते आणि मधेच तुझ्या चुका काढत होते. "केळी कुटंच लिहिली न्हाईत तिनं? म्या केळी खाल्ली हुती." पोरीच्या वाक्याला मात्र ते मोठ्यानं हसले, म्हणाले, "आईसारखीच हाय पोरगी, सगळं बघती." मग मी मोबाईल लावला. कोंबडा आल्यावर म्हणाले, "मुंबईला कोंबडं कोन नेतंय? एस्टीत तिकीट पडतंय त्याला." पुऱ्या आल्या. मी बंद करायला बोट पुढं केलं. आणि नाना हसायला लागले. पोरगी मोजतीय तसे ह्यांचे खांदे हलायलेत, ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मी म्हटलं, "नाना, बंद करू का?"

"कशाला? खाऊ दे की त्याला. दोन दिसाचं उपाशी हाय ते."

"ह्यात नाही हो उपाशी. ह्यात तो नुसताच खादाड आहे."

"ह्यात नसंल. तुझ्या आईच्यात हाय की. आत्ताच वाचलंस न्हवं?" नानांनी डोळे पुसले. "तुझ्या आईनं दोन दिस उपाशी ठिवून पाटावर बसवला, ह्यांनी जेवू घातला. चांगलं झालं की."

मग मी विचारलं, "तेव्हा वाईट वाटलं होतं ना तुम्हाला?" म्हणाले, "वाटलं की. लई वाटलं. पर म्या बघितलंच कुटं? म्या डीपीपाशी. लोक हसायलेत तेवढं ऐकलं. आन् तुझी आई बोलायची थांबली. तिचंच जास्त वाईट वाटलं मला." मग मी त्यांना ते शेवटचं नको दाखवलं. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. मी काहीच सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी हातच बघितला. "ह्याला कुनी सांगितलं गं?" मी म्हटलं, "आईनं." नानांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. मग म्हणाले, "परत लाव." परत लावलं. मग पुन्हा एकदा.

दुपारी मी पुऱ्या तळल्या. मला माझ्याच घरात पुऱ्या तळायची सवय नाही, पहिल्या दोन फुगल्याच नाहीत. नानांनी त्याच खाल्ल्या, बटाट्याच्या भाजीशी. मी पातेलं घेऊन गेले आणि म्हटलं, "घ्या अजून एक." नाना म्हणाले, "नको." हात आडवा आला. मी ते पातेलं धरून तशीच उभी राहिले, आई. बोटं मिटलेली होती, ती हळूच सुटली. फार नाही, एक पुरी जाईल एवढी. नजर पातेल्यावर. मी वाढली. "आगं, नको म्हनलं की," नाना म्हणाले आणि पुरीचा तुकडा मोडला.

तुला लिहिलेले हे कागद मी कुठं पाठवणार? ट्रंकेत, तुझ्या कागदांच्या खाली ठेवून देते. पण एक सांगायचं राहिलं, रागावू नकोस. तुझा शेवट चांगला आहे, मालिकेच्या शेवटापेक्षा तर शंभर पटीनं चांगला आहे. मला नानांनी दोन्ही जोडून केलेला जास्त आवडला.